सात टाके

शर्यत येणार म्हणून
पहाटेच झाडून काढला अक्कलकोट रोड.
डांबर ओतलं, पण तेवढ्याच पट्ट्यात
जेवढ्यातून चाकं जाणार होती.
बाकीचे खड्डे आमच्याकडे राहिले.

साडेनवापासून दोरीला टेकून उभे आम्ही.
मालकानं लूम बंद ठेवलेले,
पगार कापणार का, ते मात्र बोलला नाही.
शाळेतल्या पोरांच्या हातात कागदी झेंडे,
कुठल्या देशाचे, मास्तरांनाही सांगता येईना.
एका पोरानं उलटा धरलेला,
हवालदार कोळेकरांनी तो सरळ केला,
मग जरा विचार करून
पुन्हा उलटा.

रत्नव्वा येमूल सूप घेऊन दुभाजकावरच बसली.
पानं, तंबाखू, दोरा.
संध्याकाळी हजार मोजून द्यायच्या होत्या.
"किती वाजता ओ?" तिनं तेलुगूत विचारलं.
मी मराठीत म्हटलं, "येतील की."
पलीकडच्या बायका कानडीत तेच विचारत होत्या.

मैनोद्दीननं पंक्चरचं दुकान उघडं ठेवलेलं,
घमेल्यात ताजं पाणी,
जणू शर्यतीतला एखादा उतरेल
आणि म्हणेल, जरा हवा बघा.
मी हसले.
तो नाही हसला.

आधी मोटारी.
मग मोटारसायकली, मागं तोंड करून बसलेले कॅमेरेवाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं,
टाळ्या त्यालाच मिळाल्या.

मग आवाज आला.
मला वाटलं, बंद कारखाना कुणीतरी चालू केला.
पण लूम खटखटतो.
हा सरसरत आला,
ताणा भरताना शेकडो दोरे एकदम सरकतात तसा,
निळे, पिवळे, केशरी,
इतके जवळून आणि एकही गुंतला नाही.
वारा लागला पदराला, गरम,
रबराच्या वासाचा.

"आले का?" रत्नव्वानं मान वर केली.
"गेले."
तिनं अर्धी विडी पुरी केली.
मैनोद्दीन म्हणाला, "ऐकलंस?
एकाचीही चेन कोरडी नव्हती."

दोरी सोडली, रिक्षा सुटल्या,
आणि वीसेक मिनिटांनी एकटाच एक आला.
पाठीवर एकशे चौदा,
मागचं चाक बसलेलं,
खांद्यांवर घामाचं मीठ.
पोरगाच होता, आमच्या सतीशएवढा.
कडुलिंबाखाली उतरला.
त्याच्यासाठी परदेश म्हणजे हेच सगळं:
हे झाड, हे दुकान, मी.

मैनोद्दीननं टायर दाबून पाहिला, पुन्हा दाबला.
"ट्यूबच नाय यात!"
घरी चोरी झाल्यासारखा बोलला.
पोरगं काही समजलं नाही.
त्यानं घमेलं उचललं
आणि सगळं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

गळ्यात त्याच्या पांढरा टॉवेल.
अठरा वर्षं चेकिंगला आहे मी,
हात आपोआप गेला,
कड उलटून पाहिली.
आमचा माल जहाजानं कुठं कुठं जातो,
मालक सांगत असतो,
एखादा फिरून परत आला असेल तर.
त्याला वाटलं, मला हवाय.
काढून हातात दिला.
नको नको म्हणेपर्यंत मागून गाडी आली,
मी पदर सावरला तेवढ्यात चाक बदललं,
आणि गेलाही, उभ्यानं पायडल मारत,
कुणी वाट पाहत नसलेल्या रस्त्यानं.

आमचा नव्हता.
आमची शिलाई इंचाला नऊ टाके,
ही सात.
कोपरा दुमडलेला नीट, पण दोरा हलका.
आमच्याकडं दुसऱ्या प्रतीत टाकला असता.

घरी आणून दोनदा धुतला.
तासाभरात कडक वाळला.
शनिवारी पाकीट उघडलं तर
अर्धा दिवस कापलेला.

कुणी विचारतं, एवढी उन्हात उभी राहिलीस,
बघितलंस काय?
मी म्हणते, सात टाके.